टोयोटा ८६ मध्ये सुटे भाग जोडून ताकद वाढते का?

तुम्ही पहिल्या पिढीची टोयोटा ८६ घेतली आहे आणि लगेच एअर इनटेक व एक्झॉस्ट बदलण्याचा विचार आहे, म्हणून आधीच स्पष्ट सांगतो: टर्बो नसलेल्या या इंजिनातून नुसते असे भाग जोडून जाणवेल एवढी ताकद निघत नाही. २ लिटरच्या या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या) इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण दाबण्याचे प्रमाण, मुळातच १२.५ ला १ इतके जास्त आहे आणि कंपनीने त्यातून ७,००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) २०० हॉर्सपॉवर काढलेली आहे, तेव्हा सुटे भाग विकणाऱ्यांसाठी फारसे काही शिल्लक उरलेले नाही. मफलर बदलल्याने बदलतो तो मुख्यतः आवाज, आणि आवाज वाढला की गाडी जोरात पळते असे वाटतेच.

अपवाद हेडरचा, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्टच्या पहिल्या नळ्यांचा. साधारण ३,५०० ते ४,५०० आरपीएमच्या दरम्यान या गाडीचा टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) खचतो. ओव्हरटेक करताना अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ती क्षणभर रेंगाळते, ती इथेच. चांगला हेडर आणि त्याला जुळवून केलेले ईसीयूचे (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे) ट्यूनिंग यांनी हा खड्डा बराचसा भरून निघतो, आणि रोजच्या चालवण्यात कमाल आकड्यापेक्षा हाच फरक मोलाचा आहे. मात्र मूळ हेडरमध्येच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले प्रदूषण कमी करणारा भाग) असल्यामुळे तो हेडर काढून टाकल्यास गाडी प्रदूषण चाचणीत अडकू शकते. विक्रेत्याने डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दाखवला, तर तो चाकांवरचा की क्रँकवरचा (थेट इंजिनाचा), आणि आधीची व नंतरची चाचणी एकाच यंत्रावर झाली का, हे जरूर विचारा. भरपूर ताकदच हवी असेल, तर सुपरचार्जरसाठी (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंपासाठी) पैसे साठवा. तोवर चांगले टायर आणि ब्रेक पॅड घ्या.