घरदुरुस्तीच्या नावाने काढलेले कर्ज आणि परदेशी शेअर

कार्यालयातील संगणकांची जागा थिन क्लायंट (सारे काम दूरच्या सर्व्हरवर चालते आणि टेबलावर फक्त पडदा दिसतो अशी साधी यंत्रे) घेणार, तेव्हा मायक्रोसॉफ्ट, एचपी आणि डेल यांपैकी कोणाचे शेअर घ्यावेत, असे पुण्यातील ४२ वर्षांच्या एका अभियंत्याने विचारले आहे. त्यासाठी गृहकर्जावर साडेनऊ टक्क्यांनी ८ लाखांचे टॉप-अप (चालू कर्जावर मिळणारे वाढीव कर्ज) मंजूर झाले असून पाच वर्षांत रक्कम तिप्पट होईल, असे ते धरून चालले आहेत.

थिन क्लायंटची कल्पना नवी नाही. सन या संगणक कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या ‘सन रे’ या यंत्रात स्वतःची अशी कार्यप्रणाली नव्हती. स्मार्ट कार्ड दुसऱ्या टेबलावरील यंत्रात घातले की अर्धवट राहिलेले काम तिथे उघडत असे. सिट्रिक्स या सॉफ्टवेअर कंपनीने यंत्राचा आग्रह न धरता विंडोज सर्व्हरवरील काम कोणत्याही पडद्यावर पोहोचवले, आणि तेच तंत्र मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये परवान्याने घेऊन पुढच्याच वर्षी आपला टर्मिनल सर्व्हर बाजारात आणला. पुढे सन विकत घेतलेल्या ओरॅकलने ‘सन रे’ बंद केले आणि सिट्रिक्स २०२२ मध्ये शेअर बाजारातून बाहेर पडली. विंडोजच्या परवान्याचे पैसे मात्र मायक्रोसॉफ्टला मिळतच राहिले. आपण विचारलेल्या तिन्ही कंपन्यांत थिन क्लायंटचा वाटा इतका लहान आहे की आपला अंदाज खरा ठरला तरी तो भावात दिसेलच असे नाही.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. टॉप-अपच्या अर्जात ‘घरदुरुस्ती’ लिहिल्याचे आपण सहज कळवता. परंतु रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (व्यक्तींना परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या) योजनेखाली परदेशी शेअर घेण्यासाठी बँकेने कर्ज द्यायचे नाही, असा स्पष्ट नियम आहे, त्यामुळे हा मार्ग मुळातच बंद आहे. शिवाय महिना सुमारे १६,८०० रुपये हप्त्याने आपण पाच वर्षांत सुमारे १० लाख फेडणार, आणि तिप्पट होण्यासाठी दरवर्षी सुमारे २५ टक्के परतावा लागेल. कर्ज काढून अशी अपेक्षा धरणे मला मान्य नाही.

पत्राच्या शेवटी आपण लिहिता की विम्याची ‘सोय’ झालेली आहे. वर्षाला १ लाख हप्ता, संरक्षण १० लाख आणि वीस वर्षांनी ३४ लाख, म्हणजे परतावा पाच टक्क्यांहूनही कमी. डोक्यावर ४५ लाखांचे गृहकर्ज, पत्नीला स्वतंत्र उत्पन्न नाही, मुले शाळेत; अशा कुटुंबाला ही पॉलिसी ‘संरक्षण’ म्हणून विकणाऱ्याने आपले कमिशन पाहिले, आपले घर पाहिले नाही.

टॉप-अप नाकारा. दीड कोटीचा टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास रक्कम देणारा) घ्या, नंतर जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा, आणि वाचलेला हप्ता निर्देशांक फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे गुंतवणूक करणाऱ्या फंडात) घाला. मात्र नवी पॉलिसी प्रत्यक्ष हाती पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका.