उजनीसारख्या मोठ्या, वाऱ्याच्या धरणात गळानं मासे धरायला पेडलचा कयाक घ्यावा की वल्ह्याचा?

वल्ह्याचा घ्या. रुंद बुडाचा, साधा. कयाक म्हणजे एकट्यादुकट्याची छोटी होडी; पेडलच्या कयाकात पायानं पेडल मारलं की बुडाखालचं पातं हलून ती पुढं जाते. वाऱ्यात पेडल जीव वाचवतं असं कुणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा. माझा चुलतभाऊ दर दिवाळीला हेच ऐकवतो आणि दर दिवाळीला आमचं वाजतं.

मे महिना होता. उजनीत पळसदेवच्या बाजूनं दोघं पाण्यात उतरलो, तो पेडलवर, मी वल्ह्यावर. मी म्हटलं, आधी वाऱ्याच्या तोंडावर जाऊ, म्हणजे दमल्यावर परतीला वारा पाठीशी राहील. त्यानं ऐकलं नाही. खालच्या अंगाला चिलापी जोरात लागते म्हणून वाऱ्याबरोबर सुटला, मग मलाही मागं जावं लागलं.

दुपारी परत फिरलो तर वारा छातीवर आणि लाटांवर पांढरा फेस. त्यातच त्याच्या पेडलच्या पात्यात मच्छीमारांच्या जाळ्याचा नायलॉन गुंडाळला, पेडल जाम. घाबरून त्यानं नांगर टाकला, तोही कडेच्या कडीला बांधून! कयाक लाटांना आडवा झाला. नांगराचा दोर ताठ झाला, तेवढी एकच कड खाली ओढली जाऊ लागली आणि पाणी त्याच्या मांडीवर आलं. मी ओरडलो, "दोर काप!" त्यानं कापला, तसा कयाक सरळ झाला. सोबतच्या जादा वल्ह्यानं काठाच्या आडोशाला आला, तिथं नायलॉन सोडवला आणि शेवटचं थोडं अंतर पेडल मारलं. त्याला तेवढंच आठवतं.

नांगर नाकाला नाहीतर शेपटाला, झटक्यात सुटेल असा बांधायचा. कडेला कधीच नाही. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर पाण्यात थांबूच नका. 21 मे 2024 ला उजनीतच कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटली, सहा जण गेले. ती तर कयाकपेक्षा कितीतरी मोठी होती. लाइफ जॅकेट सीटमागे नाही, अंगात हवं.

पेडलनं हात मोकळे राहतात, गळ खेळवायला सोपं जातं, हे मान्य. जाळी नसलेल्या खोल पाण्यात खुशाल वापरा. पण उजनीत उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या बाभळींची खोडं वरच्या थरात येतात, तिथं पातं टिकत नाही. आणि परवान्याची चौकशी आधी करा, गळ असला तरी.