'तिकीट कायदा' नव्हे!

प्रश्न : अमेरिकेतल्या वसाहतींवर ब्रिटिश पार्लमेंटने १७६५ साली लादलेल्या 'स्टँप ॲक्ट'ला मराठीत काय म्हणावे, 'तिकीट कायदा' की 'मुद्रांक कायदा'? आणि त्यावरून एवढा भडका का उडाला?

उत्तर : मुद्रांक कायदा. 'तिकीट' कृपा करून विसरा. 'ब्रिटिशांनी टपाल तिकिटांवर कर बसवला' असे व्याख्यानांतून सर्रास ऐकू येते. अहो, जगातले पहिले चिकटवायचे टपाल तिकीट इंग्लंडमध्ये निघाले १८४० साली. पाऊणशे वर्षे आधी बोस्टनकर कशाला गोंद लावत होते?

हा स्टँप म्हणजे कर भरल्याची खूण म्हणून लंडनमध्ये साच्याने दाबून कागदावर उठवलेला, बहुधा बिनशाईचा ठसा. फक्त चर्मपत्रावर ठसा नीट टिकत नसे, म्हणून तिथे ठशाचा वेगळा तुकडा जोडत. ('तिकीट'वाल्यांनी हवे तर तेवढ्यावर समाधान मानावे.) आपल्याकडे घरभाड्याचा करार वर्षानुवर्षे आधीच छापलेल्या स्टँपपेपरवर होत आला, त्याच जातीचा हा प्रकार.

आता खरी गंमत. 'मुद्रांक'मधला 'अंक' म्हणजे आकडा नव्हे, खूण. सशाची खूण असलेला तो शशांक, हरणाची असलेला मृगांक, तसा मुद्रेची खूण असलेला मुद्रांक. आणि 'मुद्रा'? 'मुद्' म्हणजे आनंदणे, त्यावरून 'आनंद देते ती मुद्रा', ही व्युत्पत्ती पिढ्यान्‌पिढ्या घोकली जाते. सरकारी शिक्का पाहून कोणाला आनंद झाल्याचे ऐकिवात नाही! मला पटतो तो तर्क इराणकडे बोट दाखवतो. प्राचीन इराणी सम्राट दरायसच्या शिलालेखांत इजिप्तचे नाव 'मुद्राय' असे येते. मुद्रा म्हणजे मूळची 'मिसरी', म्हणजे इजिप्तची वस्तू, असे काही भाषाविद मानतात. हे सर्वमान्य नाही, ठाऊक आहे. पण फारसी 'मुहर', म्हणजे आपली मोहोर, हे 'मुद्रे'चेच भावंड. संस्कृत 'मित्र' (सूर्य) आणि फारसी 'मिहर' शेजारी ठेवा, ध्वनिबदल लगेच दिसेल. म्हणजे 'मुद्रांक शुद्ध संस्कृत, मोहोर यावनी' म्हणून नाक मुरडणारे एकाच घरातल्या दोघांत भांडण लावतात.

'शिक्का कायदा'ही मला चालला असता. 'शिक्कामोर्तब'मधला मोर्तब म्हणजे समाप्तीचा शिक्का, तो पत्राच्या शेवटी उठे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' दिसते ते तेच. पण आपल्याकडे कायद्याचेच नाव 'महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम' असताना नवा शब्द पाडायचा कशाला?

राहिला भडका. ठसा नसलेला दस्त कोर्टात चालणार नाही, अशी मेख होती. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, प्रत्येक जाहिरातीला २ शिलिंग, पत्त्यांच्या जोडाला १ शिलिंग, फाशांच्या जोडीला १० शिलिंग, वकिलीच्या सनदेला १० पौंड. पैसे स्टर्लिंगच्या, म्हणजे इंग्लंडच्या चलनाच्या हिशेबाने भरायचे, आणि वसाहतींत रोख नाण्यांचीच टंचाई. खटला नौदलविषयक न्यायालयात चालू शके, तिथे ज्युरी नाही. वर हा कर लादणाऱ्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही. छापखानेवाले आणि वकील, म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी आणि जीभ, नेमके तेच एकदम दुखावले. १४ ऑगस्टला बोस्टनमध्ये अँड्र्यू ऑलिव्हर या मुद्रांक-वितरकाचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला गेला. ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तोवर बहुतेक वितरकांनी राजीनामे दिले होते, म्हणजे कागद विकायलाच कोणी नाही. लंडनच्या व्यापाऱ्यांनाही मालाची मागणी घटल्याची झळ बसली आणि १८ मार्च १७६६ ला कायदा रद्द झाला. मात्र त्याच दिवशी 'सर्व बाबतींत वसाहतींवर कायदे करण्याचा अधिकार आम्हाला आहे' असे पार्लमेंटने दुसऱ्या कायद्याने ठणकावले. बोस्टन बंदरात चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्याचे प्रकरण त्यानंतर सात वर्षांनी.