हिशोबाच्या कॉम्प्युटरवर गाणी उतरवू नकोस

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पेढी टाकलीस, कॉम्प्युटर घेतलास, फार बरं वाटलं. पण काल त्याच मशीनवर फुकटच्या साइटवरून गाणी उतरवत होतास, म्हणून लिहितोय.

मीही असंच केलं होतं. फाइलला नाव गाण्याचं, शेवटी मात्र डॉट ईएक्सई, म्हणजे गाणं नव्हेच, प्रोग्राम. सकाळी सगळा हिशोब कुलूपबंद आणि पडद्यावर पैशांची मागणी. तीन आठवडे कच्च्या पावत्यांवरून नोंदी करत बसलो.

गाणी ऐक रे, जरूर ऐक. स्पॉटिफाय २०१९ पासून भारतात आहे, जिओसावन आहे. अभंग, नाट्यसंगीत हवं तेवढं. फक्त फोनवर लाव. राउटरवर गेस्ट वायफाय वेगळं करून घे, फोन आणि गिऱ्हाईक त्यावरच राहू देत, म्हणजे हिशोबाचं मशीन त्यांच्यापासून अलग राहील.

खरा जीव बॅकअपमध्ये आहे. दोन हार्डडिस्क घे, रोज आलटून पालटून कॉपी कर आणि काम झालं की लगेच काढ. जोडलेली राहिली तर तीही कुलूपबंद होते. एक घरी ने, वरच्या मजल्यावर ठेव. २०१९ चा पूर आपण पाहिलाय. महिन्यातून एकदा त्यातली फाइल उघडते का, तेही बघ.

अपडेट पुढे ढकलू नकोस. वॉनाक्राय नावाचा असाच फाइली कुलूपबंद करणारा व्हायरस मे २०१७ मध्ये पसरला, त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. तुझ्या मशीनवर विंडोज १० असेल तर आधी ते बदल, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

बँकेतून पैसे गेलेच, तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लाव.