शुल्बसूत्रे वाचायला घेताना

बौधायन शुल्बसूत्र, म्हणजे यज्ञवेदी आखण्याची भूमिती सांगणारा प्राचीन संस्कृत ग्रंथ, हाती घेतल्यावर लगेच पायथागोरसच्या प्रमेयाशी तुलना करत बसू नका. आधी मापे समजून घ्या. रुंदीला रुंदी भिडवून ठेवलेले ३४ तीळ म्हणजे एक अंगुळ, असे तिथे सांगितले आहे. चौरसाचा कर्ण काढण्यासाठी बाजूत तिचा तिसरा भाग मिळवावा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवावा आणि त्या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करावा, असे सूत्र आहे. बाजू १२ अंगुळे घेऊन पाहा : १२, ४ आणि १ मिळून १७ अंगुळे, त्यातून फक्त एक तीळ वजा! मला या तिळाचे फार अप्रूप वाटते. वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस करताना मात्र बाजू म्हणून व्यासाचे १३/१५ घ्यायला सांगून सूत्रकार त्या रीतीला स्वतःच ‘अनित्या’, म्हणजे स्थूल, म्हणतात. तो शब्द वगळून वाचू नका.