डीओआय घेताय? आधी हे ऐका

फोंड्याहून संशोधनाचं षण्मासिक काढताय आणि लेखांना डीओआय, म्हणजे प्रत्येक लेखाची कायमची डिजिटल ओळखखूण, नोंदवून देणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेचं सदस्यत्व घ्यायचंय, उत्तम. पैशांची काळजी फार नको. वार्षिक वर्गणी प्रकाशकाच्या उत्पन्नावर ठरते, वर दर लेखामागे नोंदणीशुल्क. जुन्या अंकांना ते बरंच कमी.

खरी मेख पुढे आहे. डीओआयचा '१०.'ने सुरू होणारा उपसर्ग तुम्हाला मिळेल, त्यापुढचा भाग तुम्ही ठरवायचा. तिथे नियतकालिकाचं नाव, वर्ष, पानं कोंबू नका. आम्ही हौसेनं कोंबलं. पुढे नियतकालिकाचं नाव बदललं आणि जुनं मात्र कायमचं चिकटून राहिलं. अर्थहीन अक्षरंच बरी. एकदा नोंदवलेला डीओआय पुसता येत नाही. संकेतस्थळ हलवलंत तर लेखांचे नवे पत्ते क्रॉसरेफला लगेच कळवा, नाहीतर वाचक बंद दारावरून परत जातो.

आणि संदर्भसूची! लेखाखालच्या संदर्भांना इतरांचे डीओआय जोडणं हे सदस्याचं बंधनच आहे. हे बहुतेक नवे विसरतात. आपल्याकडे अर्धे संदर्भ जुन्या मराठी-पोर्तुगीज पुस्तकांचे, त्यांना बहुधा डीओआय नसतोच. ते सोडा, बाकीचे नेटानं शोधा. फक्त चवथीच्या आदल्या आठवड्यात बसू नका, तेव्हा कुणाचंच लक्ष कामात नसतं.