‘पण बाबांनी कधी हात उचलला नाही’

‘मॅडम, बाबांनी आईवर कधी हात उचलला नाही. मग मला कसला एवढा त्रास?’ असं विचारणारे माझ्याकडे समुपदेशनाला किती आले, ते मोजणं मी सोडून दिलंय.

ही सदतीस वर्षांची. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) आली होती ‘मी मुलीवर ओरडले’ म्हणून. सात वर्षांची पोर जेवताना सहज बोलून गेली, ‘बाबा, आज आई मावशीशी खूप वेळ फोनवर होती.’ नवरा हसला. हिने मात्र ‘चुगलखोर’ म्हणत पोरीला असं झापलं, की दोघं बघतच राहिली.

माहेरी आरडाओरडा नव्हता. वही होती. दूध, कोथिंबीर, रिक्षा, सगळं आईने लिहायचं आणि रात्री बाबांनी लाल पेनाने तपासायचं. पाच रुपयांचा मेळ बसला नाही तर आठवडाभर अबोला. गेटापाशी स्कूटर थांबली की घरातला रेडिओ बंद. शेजारी म्हणायचे, ‘कडक आहेत, पण निर्व्यसनी.’ या ‘कडक’खाली आपल्याकडे काय काय खपतं!

2005च्या घरगुती हिंसाचार कायद्यात भावनिक आणि आर्थिक छळही हिंसाच धरलाय, हे तिला सांगितलं. इंग्लंड-वेल्समध्ये 2021च्या कायद्याने असा छळ पाहणाऱ्या-ऐकणाऱ्या मुलांनाही पीडितच मानलंय, तेही सांगितलं. तिने मान डोलावली. पण गाठ कुठेतरी वेगळीच होती.

ती चौथ्या भेटीत सुटली. बाबा मांडीवर घेऊन विचारायचे, ‘आज आईने कुणाला फोन केला?’ ही सांगायची आणि रावळगावची गोळी मिळायची. एकदा हिने मामाचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी फोनच्या डायलला इवलंसं कुलूप लागलं.

‘माझ्यामुळे,’ ती म्हणाली. तीस वर्षं हेच धरून बसलेली.

अशा घरात मूल नुसतं बघत बसलेलं नसतं; त्यालाच पहारेकरी करून टाकतात. ‘तू लहान होतीस, तुझा दोष नाही’ एवढं म्हणून हे धुतलं जात नाही, असा माझा अनुभव. म्हणून विचारलं, ‘कुलपानंतर बाबांनी विचारलं नाही?’

‘विचारलं ना. कोण आलं होतं, आई कुठे गेली होती.’

‘मग?’

‘कुणी नाही, कुठे नाही म्हणायचे मी. गोळी मात्र घ्यायचे.’ आणि ती थांबली. आईला आपण सांभाळून घेत होतो, हे तिने आजवर कुठे धरलंच नव्हतं.

पोरीची माफी तिने त्याच रात्री मागितली. आईला विचारायला मात्र तीन आठवडे लागले. बाबा जाऊन चार वर्षं झाली तरी आई अजून दूध वहीत लिहिते. म्हणाली, ‘मला ठाऊक होतं गं. फ्रॉक धुताना खिशात गोळ्यांचे कागद सापडायचे. तू येण्याआधी मी ते चुलीत टाकायचे.’